बकुळच्या बेसची दांडी

"जाऊ दे, प्रेमानं केलं त्यांनी," हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारू नये. उच्चारलंच तर मी उठून स्वयंपाकघरात जाईन आणि भांडी आपटेन, आणि माझी भांडी आपटली की दूधविनायकच्या गल्लीत खालपर्यंत ऐकू जातात. मी शरदिनी. पोरींच्या शाळेत गणित शिकवण्यात सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज तसाही लहान नाही. आणि मला सांगायचंय ते माझ्याबद्दल नाहीच मुळी, माझ्या भाचीबद्दल आहे. बकुळबद्दल. ती स्वतः काही सांगणार नाही, कारण तिला दोन वाक्यांच्या वर बोलायचा कंटाळा.

बकुळ माझ्या धाकट्या भावाची, बिंदुमाधवची मुलगी. भेलूपुरात एका शाळेत लहान पोरांना शिकवते आणि बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे ती साधी गिटार नव्हे. चार जाड तारा, लांबलचक दांडी, आणि आवाज असा खालचा की कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. ही पोर लहानपणी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मागं तंबोरा घेऊन बसायची. बाकीची मुलं खाली घाटावर पतंग उडवत असत आणि ही डोळे मिटून चार तारा छेडत बसलेली. तेव्हा सगळे म्हणायचे, काय गुणाची मुलगी! मग कॉलेजात तिनं बेस हातात घेतला आणि तेच सगळे म्हणायला लागले, हे काय भलतंच. अरे, तेव्हाही ती खालचा सूर धरून बसायची, आताही तेच करते. पण सांगायचं कोणाला!

हा बेस तिनं शहर सोडून चाललेल्या एका हॉस्टेलच्या मुलाकडून घेतला. जुना, वापरलेला. घरी तो स्पीकरला न जोडता वाजवायची, कानाला हेडफोन लावून, म्हणजे कोणाला त्रास नको. तर गीतावहिनी, म्हणजे तिची आई, शेजारणीला सांगते, "ती वाजवते म्हणतात, पण आवाज तर येत नाही काही." आवाज केला असता तर म्हणाली असती, फार आवाज करते. माझ्या तर डोक्यात तिडीक जाते.

त्या बेसची दांडी धडाला चिकटवलेली नसते. धडात एक खोबण असते, दांडीचं बूड तिच्यात बसतं आणि मागून लोखंडी पट्टी लावून चार स्क्रू आवळायचे. बस, एवढंच. हिचा बेस जुना, त्यामुळे खोबण जराशी ढिली. कधी पिशवीतून नेताना धक्का लागला, कधी गल्लीत सांडाला वाट देताना भिंतीला टेकला, की दांडी किंचित एका अंगाला सरकायची. किंचित म्हणजे किती, तर डोळ्याला दिसायचंही नाही. पण सगळ्यात बारीक तार दांडीच्या काठावर यायची आणि बोट ठेवलं की घसरून खाली जायची. मग बकुळ जमिनीवर मांडी घालून बसायची. तारा थोड्या सैल करायची, स्क्रू थोडे सैल करायची, दांडी धरून अलगद दुसऱ्या अंगाला ओढायची, तारा दोन्ही काठांपासून सारख्या दिसल्या की स्क्रू परत आवळायची. हे सगळं ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. हात चोळून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हो गया, आत्या."

खोबणीच्या तळाशी तिनं एक कागदाची पट्टीही घातली होती. त्यानं दांडी जराशी मागं झुकते आणि तारा दांडीच्या जवळ येतात, वाजवायला हलक्या होतात. जाड, गुळगुळीत कागद लागतो म्हणे. घरात जाड कागद कसला असणार? लग्नाची पत्रिका. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका कापून तिनं पट्टी केली, आणि त्या पट्टीवर नेमका गणपती आला.

आता दादाबद्दल. वेणीमाधव त्याचं नाव, सगळं आयुष्य संस्कृत शिकवलं, सतार उत्तम वाजवतो, आणि आमच्या या घाटांकडच्या सगळ्या मराठी घरांतले तंबोरे त्याच्या हातून दुरुस्त होतात. भोपळ्याला तडा गेला, घोडी बसेना, दांडी सुटली, की लोक दादाकडे येतात. हाताला गुण आहे, खोटं कशाला बोलू. पण दादाची एक खोड आहे. त्याला एखादी गोष्ट बिघडलेली दिसली की तो ती घेतो आणि नीट करतो. कोणाची आहे, कशी आहे, नीट करायची आहे की नाही, हे विचारत नाही. माझं घड्याळ पुढं होतं ते मीच पुढं ठेवलेलं, शाळेत उशीर नको म्हणून. दादानं ते बरोबर केलं आणि मला पहिल्या तासाला उशीर. वर म्हणतो कसा, "अगं, चुकीची वेळ दाखवत होतं!"

त्यानं बकुळला हे स्क्रू सैल करताना, दांडी ओढताना सारखं पाहिलेलं. बघायचा आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकायचा. सतारीची दांडी कशी, सरसानं एकदा बसवली की पिढ्या जातात. आणि हे काय, चार स्क्रूंवर लटकवलेलं! त्याच्या मते ते वाद्य अर्धवट सोडलेलं होतं, कारागिरानं शेवटचं काम केलंच नव्हतं.

यंदा नवरात्राच्या आधी बकुळला एक मोठी गोष्ट चालून आली. कँटोन्मेंटकडच्या एका हॉटेलला या सीझनसाठी ठरलेला बँड हवा होता, रोज संध्याकाळी वाजवणारा. विश्वजीत म्हणून एक बंगाली मुलगा आहे, तो बँड बांधत होता. त्यानं बकुळला सांगितलं, दसऱ्याच्या दुपारी ये, हॉटेलवाले समोर बसतील, त्यांना पटलीस की जागा तुझी. बकुळनं मला सांगितलं तेव्हा ती दोन वाक्यांच्या वर बोलली, यावरून काय ते समजा. शाळेत अर्धा वेळ करून घेणार होती. पहिल्यांदा तिला वाजवण्याचं काम मिळत होतं, नुसता छंद म्हणून नाही. रोज जिन्यावर बसून वाजवायची, हेडफोन लावून, आणि मी वरून तिची बोटं बघायची.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी वाद्यं पूजेला मांडतात. अष्टमीला दादा ती उतरवतो, पुसतो, तेलपाणी करतो, काही निखळलं असेल तर जोडतो. मग नवमीला पूजा, आणि दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी वाद्याला हात लावायचा नाही. असं आमच्या आजोबांपासून चालत आलंय. आजवर बेस कधी पूजेत मांडलेला नव्हता. यंदा दादा स्वतःहून म्हणाला, "बकुळ, तुझंही आण गं." पोरीचा चेहरा असा उजळला! तिनं बेस त्याच्या हाती दिला आणि वहिनीबरोबर विंध्याचलला देवीच्या दर्शनाला गेली.

मी घरीच होते. दादा चुलीवर सरसाचं भांडं ठेवून बसला होता. तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, जनावराचं कातडं-हाडं उकळल्याचा, नाक धरावं असा. मला वाटलं, दरवर्षीसारखा तंबोरा. मी खिडकी उघडली आणि माझ्या कामाला गेले.

नवमीला बेस चौरंगावर, सतारीच्या शेजारी, वर लाल वस्त्र आणि झेंडूची माळ. बकुळनं वाकून नमस्कार केला आणि लांबूनच फोटो काढला. विश्वजीतला पाठवला असणार.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली, दादानं अक्षता टाकल्या, बकुळनं बेस उचलला आणि सवयीनं उलटा केला. मागं पट्टीच नाही. स्क्रू नाहीत. स्क्रूंच्या भोकांत लाख भरून, घासून, पॉलिश करून इतकं साफ केलेलं की तिथं कधी काही होतं असं वाटू नये.

"काका, स्क्रू कुठं आहेत?"

"डबीत ठेवलेत. आता लागणार नाहीत," दादा म्हणाला. किती खूश होता! "खोबणीतला रंग पॉलिश पेपरनं खरवडला, सरस भरला, रात्रभर दोरीनं आवळून ठेवला. आता जन्मात हलणार नाही. आणि काय गं, त्या खोबणीत गणपतीचं चित्र कोंबलं होतंस? देवाला असं दाबून ठेवतात का? मी ते संकठा घाटावर नेऊन विसर्जन केलं."

बकुळनं बेस डोळ्यांसमोर आडवा धरला आणि दांडीवरून एका डोळ्यानं पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. बारीक तार पार काठावर. आणि ती पट्टी गेल्यामुळे तारा वर उचललेल्या, खालून बोट जाईल इतक्या. मला वाटलं, आता ही किंचाळेल. किंचाळायलाच हवं होतं. ती म्हणाली, "बरं, काका." आणि बेस पिशवीत घातला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तोंड उघडलं तर बिंदूनं माझा हात धरला. "शरूताई, सणाचा दिवस आहे." सणाचा दिवस! सणाचा दिवस फक्त म्हाताऱ्यांचा असतो का?

मी तिच्याबरोबर गेले. मैदागिनपर्यंत चालत, तिथून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. वाटेत मी म्हटलं, "उघडता येणार नाही का गं?" ती म्हणाली, "वाफेनं येईल, आत्या. पण लाकूड ओलं होईल, वाळायला दिवस लागतील. आज नाही." मग हिंदीत, बाहेर बघत, "छोड़ो ना, देखते हैं."

हॉटेलच्या हॉलमध्ये मी मागच्या खुर्चीवर बसले. विश्वजीतनं मला पाणी आणून दिलं, सज्जन मुलगा. समोर सुटातले दोघं हॉटेलवाले. लखनौहून ओजस नावाचा आणखी एक मुलगा आला होता याच जागेसाठी. बकुळनं त्याच्याकडे बेस मागून बघितला, आणि त्यानं लगेच दिलाही. पण तो डावखुरा. त्याच्या तारा सगळ्या उलट्या क्रमानं. तिनं हसून परत केला. हसली हो ती! मला तर तिथं खुर्ची फेकावीशी वाटत होती.

मग वाजवायला लागली. मला त्यातलं कळत नाही, पण मी तिला वर्षानुवर्षं ऐकलंय, निदान तिची बोटं पाहिलीत. त्या उंच तारा दाबता दाबता तिची मनगटं थरथरायला लागली. इतकं दाबलं की सूर चढायचा. खालच्या तीन तारांवर तिनं कसंबसं निभावलं, पण गाणं वर जायचं होतं, बारीक तारेवर. ती गेली. आणि तार काठावरून घसरली. टप. एकदा. पुन्हा गेली, पुन्हा टप. ड्रमवाला मान वर करून बघायला लागला. हॉटेलवाल्यांपैकी एकानं मोबाइल काढला. पोरीनं गाणं शेवटपर्यंत नेलं, घामाघूम होऊन.

ओजसनं नंतर वाजवलं. बरं वाजवलं. तिच्याहून बरं नाही, पण त्याची तार जागेवर होती.

विश्वजीत आमच्याबरोबर गेटपर्यंत आला. "बकुल, तुम बजाती अच्छा हो, सब जानते हैं. लेकिन उन लोगों ने जो सुना, सो सुना." त्याचं तरी काय चुकलं? बकुळनं मान हलवली. जागा गेली.

घरी पोचलो तर बिंदू दारातच उभा. बकुळच्या चेहऱ्यावरूनच समजला. आणि समजल्यावर पहिलं वाक्य काय बोलला? "दादाला सांगू नका." मागून वहिनी, "त्यांना फार वाईट वाटेल गं. त्यांनी बिचाऱ्यांनी प्रेमानं केलं. ट्रायल पुढं ढकलली म्हणून सांगू." पोरीला कोणी पाणी विचारलं नाही. पोरीची वर्षाची आशा गेली, आणि हे दोघं दादाच्या मनाला जपत दारात उभे! मी म्हटलं, "आणि हिला काय वाटतंय, ते कोण बघणार? की तिचं वय व्हायची वाट बघायची?" वहिनी म्हणाली, "हळू बोला, आत लोक आहेत."

आत शमीची पानं द्यायला यज्ञेश्वर गुरुजी आणि त्यांच्या घरचे आले होते. दादा त्यांना हातानं दाखवत होता, दांडी कशी बसवली, सरस किती पातळ ठेवला. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. "ये गं बकुळ! काय झालं? मिळाली ना जागा?"

बिंदू पुढं सरसावला. "पुढं ढकललंय त्यांनी, दादा. नंतर कळवतील."

"मग काय चिंता!" दादा म्हणाला. "आता कधीही बोलावू देत. वाद्य पक्कं आहे."

मी तोंड उघडतच होते. पण बकुळनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काका, पुढं नाही ढकललं. झालं. मला नाही मिळाली."

"का?"

"तुम्ही दांडी चिकटवलीत म्हणून."

गुरुजींच्या हातातली पानं तशीच राहिली. दादा म्हणाला, "अगं पण ती हलत होती."

"मी हलवत होते, काका. ती थोडी सरकली की मला परत जागेवर आणता यायची. आता तुम्ही ती तिरकी चिकटवलीत, तर ती तिरकीच राहणार." तिनं बेस बाहेर काढला आणि दांडीच्या बुडावर बोट ठेवलं. "आणि याच्या आत लोखंडी सळई असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आकसतं, दांडी वाकते. तेव्हा ती सळई पिळून सरळ करायची असते. तिचं डोकं इथं, या खोबणीत आहे. दांडी काढल्याशिवाय तिथं हात पोचतच नाही. स्क्रू काढता यावेत म्हणूनच लावलेले असतात, काका. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

एवढं एका दमात बोललेली मी तिला जन्मात ऐकली नव्हती.

"मी तर प्रेमानं..." दादा म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून सकाळी बरं म्हणाले. पण जागा गेली ना, काका."

दादा बिंदूकडे वळला. "तू ढकललं म्हणालास." बिंदू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. "मला सांगायचंच नव्हतं तुम्हाला? मी उद्या आणखी कोणाचं वाद्य असंच चिकटवलं असतं, मग? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दादाचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. तिथंच उभी राहून मी म्हटलं, "ओरडतोस काय? तिनं ओरडायला हवं, आणि ती अजूनही तुला काका म्हणतेय." दादा माझ्यावर उलटला नाही, हे विशेष.

तो उठला. स्वयंपाकघरात जाऊन किटली गॅसवर ठेवली, जुना पंचा भिजवून आणला. बेसकडे हात नेला, आणि हात मध्येच थांबला. "घेऊ?" त्यानं विचारलं.

"धरा तुम्ही," बकुळ म्हणाली. "वाफ मी देते."

तिनं तारा काढल्या. दादानं धड मांडीवर धरलं. सांध्याभोवती ओला पंचा गुंडाळून तिनं किटलीची वाफ दिली, थांबली, पुन्हा दिली. तो घाणेरडा वास पुन्हा घरभर झाला. सणासुदीच्या घरात, पाहुण्यांसमोर. वहिनीनं पदर नाकाला लावला. सरस हळूहळू विरघळून काठातून ओघळायला लागला. दादाची बोटं भाजत असणार, पण त्यानं सोडलं नाही. शेवटी लाकूड करकरलं आणि दांडी सुटून बकुळच्या हातात आली. खोबण ओली, काठाचा रंग पांढुरका पडलेला, भोकांतली लाख अर्धवट वितळलेली. बकुळ पुसत बसली.

वहिनीला वाटलं मिटलं सगळं. वाट्या घेऊन आली. "चला, सुटली एकदाची! श्रीखंड खाऊन घ्या, बकुळ सकाळपासून उपाशी आहे."

बकुळनं वाटी घेतली आणि खायला लागली. मी घेतली नाही. दादानंही घेतली नाही. तो रिकामं धड मांडीवर घेऊन बसला होता. जरा वेळानं त्यानं विचारलं, "अशी जागा परत कधी निघेल गं?"

बकुळनं चमचा चाटला. "पुढच्या सीझनला, काका. निघाली तर."